मधु, लाकूड, सुरमा

पिपरी, वर्धा
१९ जून १९५५

प्रिय लहानू,

रूपराव लाकडाच्या कामाने जबलपूरला गेला होता, त्याला तू बाजारात दिसलास. तुझा पत्ता त्याने चिठोऱ्यावर लिहून आणला. "चष्मा लागला त्याले. कॉलेजात पोरायले रसायनशास्त्र शिकवून राह्यला," एवढंच म्हणाला. तू त्याच्याशी फार बोलला नाहीस असं दिसतं. थोरल्या बहिणीचा हक्क असला तरी मी तक्रार करत नाही. पत्ता मिळाला हेच पुष्कळ झालं.

बाबा बरे आहेत. पॉलिशचं काम सुटलं ते सुटलंच, पण हात स्वस्थ ठेवायचा त्यांचा स्वभाव नाही. आता निजायच्या बाजा विणतात. सुतळी बोटांनी चाचपत जातात, वीण चुकली की पुन्हा उकलतात. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणतात, "मले दिसत नाई, पन निजणाऱ्याच्या पाठीले कळते." मी अजून जनपद सभेच्या शाळेतच शिकवते. सकाळी शाळा, संध्याकाळी घर.

परवा शाळेत नवीन टेबल आलं. वर्गात आणून ठेवलं आणि लाखेचा तो वास सुटला. मी पाढे सांगता सांगता मध्येच थांबले. तुला आठवतं का, रविवारी बाबा अंगणात कोणा वकिलाच्या खुर्च्या मांडून बसायचे, आपण दोघं चपडा लाख कुटून द्यायचो आणि ते ती स्पिरिटमध्ये विरघळवायचे. मग फडक्याची गोळी करून गोल गोल हात फिरवत राहायचे. दुपारपर्यंत सागवानात आपली तोंडं दिसू लागायची. तू जीभ काढून दाखवायचास आणि बाबा म्हणायचे, "पाह्य, वकिलाच्या खुर्चीत माकड बसलं." माय आतून हसायची. तिचं काजळ पाडायचं कामही रविवारीच असायचं. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी पितळी. पहिलं बोट तुझ्या डोळ्याला, मग माझ्या, मग बाबांच्याही. बाबा नको नको म्हणायचे आणि डोळे मिटून तिच्यासमोर बसायचे.

माय हे सगळं पाहायला राहिली नाही. कधी कधी वाटतं, बरंच झालं.

पत्र लिहायचं कारण धुरपताकाकू आहे. तानबाकाका गेल्यापासून ती अधूनमधून येऊन बसते आणि एकच विचारते. "भागे, त्या डब्यावर काय लिवलं होतं? माह्या मानसाले ज्यानं मारलं त्याचं नाव तरी मले सांग." मी एकदा आमच्या हेडमास्तर अण्णाजींना विचारलं. ती अक्षरं मला पाठ आहेत, पाटीवर काढून दाखवली. ते म्हणाले, मेथिल अल्कोहोल, दारूचाच प्रकार. मी काकूला तसं सांगितलं. ती म्हणाली, "दारूच होती तं मेला काऊन? दारूनं असा एका दिवसात कोनी मरते का?"

तू हेच शिकवतोस. त्या नावाचा अर्थ काय, ते कुठून आलं, काकूला समजेल असं लिहून पाठव.

तुझी बाई,
भागीरथा

*

पिपरी
२१ ऑगस्ट १९५५

प्रिय लहानू,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असं मी धरून चालते, कारण परत आलं नाही.

तान्हा पोळा झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरली. एका पोराचा बैल बाबांनी हातात घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "याले पॉलिश कोनं केलं? घाई केली त्यानं." तुझा बैल आठवला. तुझ्या बैलाला बाबा सात-आठ हात द्यायचे, राजाच्या पलंगासारखा चमकायचा. सगळ्या पोरांत तू मान ताठ करून चालायचास.

तू रागात गेलास हे मी तेव्हा मान्य केलं होतं. दवाखान्यात बाबांच्या डोळ्यांवर पट्टी होती, शेजारच्या खोलीतून तानबाकाकांना नुकतंच बाहेर नेलं होतं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मी सांगितलं होतं ना, हे पॉलिशचं आहे, पिऊ नका. माझं कधी ऐकलं तुम्ही?" तू त्याच दुपारच्या गाडीने नागपूरला गेलास आणि परीक्षा देऊन तिकडून जबलपूरला. मला वाटलं, मायशिवाय वाढलेला पोरगा आहे, बापावर जीव आहे, म्हणून एवढा राग.

पण रागाला एवढी वर्षं लागत नाहीत, लहानू. मी मुलं सांभाळते. रागावलेला मुलगा संध्याकाळपर्यंत परत येतो. जो घाबरलेला असतो तो येत नाही.

तुला कशाची भीती वाटते ते मला माहीत आहे. दारूबंदीमुळे स्पिरिटचा परवाना अडला, बाबांचं काम बंद पडायची वेळ आली. तेव्हा तू नागपूरच्या ज्या रसायनांच्या दुकानात संध्याकाळी काम करायचास, तिथून तो डबा आणलास. लाख यातही चांगली विरघळते म्हणालास. त्यावर कागद चिकटवून इंग्रजीत नाव तूच लिहिलंस. त्या घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं.

मी एवढंच लिहिते. काकूचा प्रश्न अजून तसाच आहे. तिला उत्तर दे. आम्हाला नको देऊस हवं तर.

बाई

*

पिपरी
१३ नोव्हेंबर १९५५

प्रिय लहानू,

तुझं पत्र मिळालं. लिफाफ्यावरचं अक्षर पाहूनच मी ओसरीवर बसले. उघडायला धीर होईना.

काकूला बोलावून आणलं. बाबा बाज विणत होते, त्यांनी हात थांबवला नाही, पण सुतळी हळू ओढू लागले. मी वाचलं. तू लिहिलंस तसंच वाचलं, मध्ये कुठे समजावून सांगावं लागलं तेवढंच माझं.

की या नावात तीन शब्द आहेत. पहिला 'मेथु', ग्रीकांचा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ मद्य, आणि तो आपल्या मधूचा सख्खा भाऊ, एकाच घरातून निघून लांब गेलेला. दुसरा 'हुले', म्हणजे लाकूड, रानातलं लाकूड. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी लाकूड बंद भांड्यात तापवून त्यातून निघालेला अर्क तपासला आणि त्याला लाकडाचं मद्य अशा अर्थाचं नाव दिलं. त्यातून मेथिल आलं. आणि तिसरा शब्द अरबी. 'अल-कुहल', म्हणजे सुरमा, डोळ्यात घालायचं बारीक अंजन. आधी कुठल्याही बारीक, शुद्ध केलेल्या पुडीला, मग गाळून काढलेल्या कुठल्याही अर्काला लोक तेच म्हणू लागले, आणि फिरत फिरत ते नाव दारूवर येऊन बसलं.

इथे काकूने मला थांबवलं. "सुरमा? डोळ्यातला?"

"हो."

"डोये घेनाऱ्याचं नाव सुरमा ठेवलं?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात थांबला होता. ते म्हणाले, "दारू, लाकूड न् काजळ. हे तं माह्यंच घर झालं, भागे. लाकडावर पोट भरलं, तुह्या मायनं डोयात काजळ घातलं, न् शेवटी दारूनं सारं नेलं." ते हे रडवेल्या आवाजात म्हणाले नाहीत. कोणी बरोबर पत्ता सांगितल्यावर माणूस मान हलवतो, तशी मान हलवली.

मग पुढचं वाचलं. की रसायनात अल्कोहोल हे आडनाव आहे, एका आडनावाची पुष्कळ माणसं. मोहाच्या दारूतला वेगळा, लाकडाचा वेगळा. रंग तोच, नशा जवळपास तीच, म्हणून माणूस फसतो. पण लाकडाचा पोटात गेला की त्याचं मुंगीच्या डंखात असतं ते आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या शिरा खातं, जास्त झालं तर जीव घेतं. बाबा म्हणाले, "बरोबर लिवलं त्यानं. पयले सारं पांढरं झालतं. कोनं डोयापुढं कापूस पिंजून राह्यल्यासारखं. मंग तो कापूसबी गेला."

काकू म्हणाली, "म्हणजे ते दारू नोयतंच. नाव तेवढं दारूचं." तिने पदराने तोंड पुसलं. "लोक म्हणते तानबा पिऊन मेला. पोरीच्या सासरी समुद्रपुरात अजून टोमणे मारते तिले. आता मी सांगीन. पिऊन नाई मेला. इखानं मेला."

तेव्हा मला कळलं, ती इतकी वर्षं काय विचारत होती.

पत्राच्या शेवटी तुझी ती ओळ होती. "डबा मी आणला होता आणि नाव इंग्रजीत मी लिहिलं होतं, हे धुरपताकाकूला सांग." ती वाचावी की नाही म्हणून मी अडखळले. बाबांनी विचारलं, "संपलं का?" मी वाचली.

काकू उठून उभी राहिली होती, ती पुन्हा बसली. म्हणाली, "मले माहीत हाय. तानबा त्या दिवशी घरी आला न् म्हणे, रामाजीच्या लहानूनं नागपूरहून माल आनला. पुलिसानं मले विचारलं तं मी म्हटलं, मले काई ठाऊक नाई." मग बाबांकडे वळून म्हणाली, "तुमी काय सांगतलं होतं त्यायले?"

बाबा म्हणाले, "बाजारात एका फिरत्या मानसाकडून घेतला म्हटलं. तोंड आठवत नाई म्हटलं. डोये गेलेल्या मानसाले कोन पुढं विचारते?"

आणि तो कागद, लहानू, पोलीस यायच्या आधी मी भिजवून काढला आणि चुलीत घातला. बाबांनी दवाखान्यातून तेवढाच निरोप धाडला होता. तू गाडीत बसलास त्याच दुपारी.

आम्ही तिघांनी, काकूने आम्हाला न विचारता आणि आम्ही तिला न सांगता, तेच केलं. तेव्हा तू कोणाच्या भीतीने दूर राहिलास, ते आता तूच पाहा.

बाई

*

पिपरी
२२ जानेवारी १९५६

प्रिय लहानू,

तुझं छोटं पत्र मिळालं. तू विचारलंस, बाबांनी त्या दिवशी तो डबा काढलाच का. मी हे लिहायचं टाळत होते. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "लिव. खरं हाय ते लिव."

तानबाकाका पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. समुद्रपूरचे पाहुणे यायचे, थोडं काही असतं तर बरं, असं बोलणं निघालं. बाबा घेणारे नव्हते हे तुला ठाऊक आहे, वर्षात एखादा घोट. त्यांनी डबा खाली काढला तो काकांना तुझं अक्षर दाखवायला. "पाह्य तानबा, माह्या पोराच्या हातचं इंग्रजी." दोघं मित्र तो कागद न्याहाळत बसले, वाचता कोणालाच येत नव्हतं. मग काका म्हणाले, जुनं स्पिरिट लोक गाळून घेतातच, याला काय होतं. आणि बाबांना नाही म्हणवलं नाही, मित्राच्या पोरीचं लग्न होतं.

बाबांनी पुढे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "त्यानं मले तोंडानं सांगतलं होतं, पिऊ नका. मी ऐकलं नाई. आता कागदाले काय दोष देतो म्हणा. तानबाचं माह्यावर हाय, त्याच्यावर नाई. त्याले म्हणा, माह्यं वझं उचलू नको. तुले पेलनार नाई न् माह्यं काई कमी होनार नाई."

दुसरी गोष्ट. आर्वी नाक्याजवळ पॉलिशवाल्यांची तीन-चार दुकानं झाली आहेत, आणि परवाना अडला की ते अजून तोच माल आणतात. एका दुकानात बाजेचं माप घ्यायला बाबा माझ्यासोबत आले होते. तिथला मालक बोलता बोलता म्हणाला की नवा डबा आलाय, कारागीर मागतात. बाबांनी विचारलं, "नाव काय त्याचं?" तो म्हणाला, वाचून कोण पाहतं. बाबा म्हणाले, "माह्या पोरीले वाचाले दे." मी वाचलं. मला पाठ असलेलीच अक्षरं, तेच नाव होतं.

बाबा त्या दुकानात उभे राहून बोलले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "यावर मराठीत लिवा. नाई तं मी रोज इथं येऊन बसतो." मालक म्हणाला, लिहून द्या, चिकटवतो.

म्हणून मध्ये कार्ड टाकून तुला विचारलं होतं, मराठी नाव काय लिहायचं. तू 'काष्ठमद्य' पाठवलंस, खाली 'लाकडाची दारू' असा सोपा अर्थ. काकू ऐकताच उठली. "दारू लिवू नको व बाई. दारू वाचली का पितेत." किती साधी गोष्ट. फ्रान्समधल्या त्या दोघांनी जे नाव दिलं तिथूनच चूक सुरू झाली असं तिचं म्हणणं. मग आम्ही तिघांनी ठरवलं: 'लाकडाचं विष. पिऊ नये. डोळे जातात, माणूस मरतो.' ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी मी वर मिटलेला डोळा काढला. शाळेतल्या पोरींनी बसून पन्नासेक कागद केले. काकू आणि बाबा ते घेऊन दुकानोदुकानी गेले. काकू डबे पुढे करायची, बाबा खळ लावायचे आणि अंगठ्याने कागदाच्या कडा दाबत जायचे, कुठे उचललेला राहिला नाही ना म्हणून. एकाने हुसकून लावलं, बाकीच्यांनी लावून घेतले.

तुझं 'काष्ठमद्य' मी वाया घालवलं म्हणून रागावू नकोस. तुझ्या पुस्तकासाठी ते छान आहे.

बाई

*

पिपरी
३ ऑक्टोबर १९५६

प्रिय लहानू,

दसऱ्याला नागपूरला दीक्षा आहे हे तिकडेही कळलं असेल. पिपरीतून सगळे निघतात. काहीजण पायी जाणार, आम्ही गाडीने. मी पांढरं लुगडं घेतलं, काकूसाठीही घेतलं. बाबांसाठी धोतर धुऊन, नीळ घालून ठेवलं. ते दोनदा विचारून गेले, "शुभ्र झालं ना? डाग नाई ना?"

लोक सांगतात, तिथे प्रतिज्ञा घ्यायच्या आहेत आणि त्यात दारू न पिण्याचीही आहे. मला वाटलं बाबांना ते लागेल. ते म्हणाले, "मले तेच तं म्हणाचं हाय, लोकायमंधी उभं राहून."

तू ये. सुट्टी नसेल तर काढ. आम्ही वर्ध्याच्या लोकांसोबत असू, काकूने एका काठीला लाल फडकं बांधायचं ठरवलंय, म्हणजे दिसेल. बाबांनी मला हे लिहायला सांगितलं नाही. पण मी लिहायला बसले तेव्हा ते विणणं सोडून जवळ येऊन बसले, आणि अजून इथेच आहेत.

बाई

*

पिपरी
६ नोव्हेंबर १९५६

प्रिय लहानू,

तुझं पत्र काल आलं. राज्यं बदलली, तू आता मध्य प्रदेशात आणि आम्ही मुंबई राज्यात, तरी टपाल तेवढ्याच दिवसांत येतं.

आम्ही तुला किती शोधलं. काकूची काठी पहिल्या तासातच गर्दीत मोडली. जिकडे पाहावं तिकडे पांढरी माणसं, मैदानाला शेवटच नव्हता. मी टाचा उंचावून चष्मेवाले तरुण पाहत राहिले, पुष्कळ होते, तू नव्हतास. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. ते दर थोड्या वेळाने विचारायचे, "दिसला का?" मी म्हणायचे, "नाई, बाबा." मग त्यांनी विचारणं सोडलं. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "लांबून याचं असते. जमलं नसन त्याले." मला तुझा राग आला होता. तो मी तीन आठवडे जपला.

आणि तू तिथेच होतास. मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, जबलपूरच्या लोकांसोबत. तूही काठीचं लाल फडकं शोधत फिरलास, आणि संध्याकाळी स्टेशनवर वर्ध्याची गाडी सुटून गेलेली पाहिलीस. हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते बाजेच्या चौकटीशी बसले होते. मी पुढचं वाचू लागले तर त्यांनी हात वर केला.

म्हणाले, "थांब. दारू पिनार नाई म्हटलं सगळ्यायनं, तवा तो होता तिथं?"

मी पत्र पुन्हा पाहिलं. तू लिहिलं होतंस, तीच प्रतिज्ञा म्हणताना तुझा आवाज फुटेना, मग शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याचा हात धरून म्हणालास. मी ते वाचलं.

बाबांनी सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, "भागे, त्या वक्ताले एवढा मोठा आवाज उठला होता का मले वाटे जमीन हालून राह्यली. तुमाले सारे मानसं दिसत होते, मनून तुमी शोधत होते. मले तं निस्ता आवाज होता. त्यात त्याचाबी होता ना?"

"होता, बाबा."

"मंग ऐकला मी त्याले."

आणि ते पुन्हा विणायला लागले. थोड्या वेळाने, सुतळी ओढता ओढता, त्यांनी मला सांगितलं की पत्रात त्यांच्याकडून दोन शब्द घाल. ते असे: "लहानू, घरी येजो. तुह्यासाठी बाज विनून राह्यलो. लांबी सांगजो, तू किती उंच झाला ते मले माहीत नाई."

जय भीम.

तुझी बाई,
भागीरथा